मधलं नाव

मलकापूर,
२ डिसेंबर २०२४

श्री. रवी जानराव तायडे यांस,

सप्रेम जयभीम. यानंतर ‘विनंती विशेष’ असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. या पत्रात विनंती एकच आहे, आणि विशेष एवढंच की ती मी करतो आहे.

समताला जाऊन पाच वर्षं उलटून गेली. माझी मुलगी आणि तुमची बायको एकाच दिवशी गेल्या. तेव्हापासून आपल्या दोघांत सामायिक असं एकच उरलं आहे, आणि ते आता नऊ वर्षांचं झालं आहे. आपली शेवटची भेट कशी झाली, कोण काय बोललं, याची उजळणी इथे करत नाही. कागद थोडा आहे.

मुद्द्यावर येतो. दिवाळीला तुमच्या सासूबाईंनी धम्मूला फ्रॉक शिवला. घातला तर खालचा घेर एका बाजूनं वर चढलेला. त्यांनी उसवून पुन्हा शिवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उसवताना त्या शिलाई मशीनला बोलल्या, चौथ्यांदा मला. शेवटी धम्मूच म्हणाली, “आजी, फ्रॉक सिद्धाच हाय. मीच टेढी आहो.”

आधी इथे दाखवलं, मग नागपूरला नेलं. तिच्या पाठीचा एक मणका जन्मापासून अर्धाच घडलेला आहे. ती वाढते आहे तसा कणा एका अंगाला कलतो आहे. आज तिला काहीही दुखत नाही, ती खो-खो खेळते आणि माझ्या चपला लपवते. पण येत्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली तर सरळ वाढेल, उशीर केला तर पुढे श्वासाला जड जाईल, असं डॉक्टर म्हणाले. ‘येत्या उन्हाळ्यात’ हे त्यांनी दोनदा म्हटलं. माझ्यासारखे मास्तर एक गोष्ट दोनदा सांगतात तेव्हा समोरचा ढ असतो. डॉक्टर सांगतात तेव्हा तो घाबरलेला असतो.

खर्चाचा आकडा लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही उसनवारीला धावाल, आणि तो आपल्या दोघांच्या उसनवारीत मावणारा नाही. सरकारी योजनेच्या यादीत त्या दवाखान्यातली ही शस्त्रक्रिया बसत नाही. बसतो तो आमच्या शिक्षक पतसंस्थेचा गट आरोग्य विमा. त्यात जुनं दुखणंही पहिल्या दिवसापासून धरतात. पण त्यात शिक्षक, त्याची बायको आणि त्याची मुलं येतात. नातवंडं येत नाहीत. पतसंस्थेचे सचिव शेषराव यांना मी विचारलं की माझ्या ताटातली पोळी माझ्याआधी उचलणारी मुलगी माझ्या कुटुंबात नाही, ती कशी? ते म्हणाले, “सर, भाषण शाळेत देजा. कोर्टानं तुमाले पालक ठरवल्याचा कागद आना, लगेच नाव चढवतो. एकतीस मार्चच्या आत.”

म्हणून कोर्टात अर्ज करतो आहे. अमडापूरची माझी विद्यार्थिनी सुचिता आता इथे वकील आहे. दहावीला तिनं संस्कृतात शंभरपैकी शंभर घेतले होते. माझ्याकडून फी घेत नाही, त्याचं हे एकच कारण मला दिसतं. तिचं म्हणणं, आई नाही, पण वडील आहेत, तेव्हा त्यांची संमती लागेल. मसुदा सोबत आहे. नोटरीसमोर, फुली मारली आहे तिथे सही करायची.

तुम्हांला मुलगी नको होती, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पाच वर्षांत तुम्ही इकडे फिरकला नाहीत, एवढंच आहे.

प्रेमानंद हिवराळे
(एम. ए. संस्कृत)


२७ डिसेंबर २०२४

जावईबापू,

पोचपावती परत आली. तिच्यावरची तुमची सही झोकदार आहे. एवढ्याशा गुलाबी कार्डावर जी जमते, ती मोठ्या कागदावर का जमू नये?

तुमचा पत्ता मला कसा मिळाला, असा प्रश्न तुम्हांला पडला नसेल, कारण तो कोणाकडे आहे हे तुम्हांला ठाऊक होतं. मला नव्हतं. पत्ता शोधायला मी वडनेरला तुमच्या घरी जाऊन आलो. जानरावजी गेल्यापासूनचं कुलूप बघितलं, शेजाऱ्यांकडे चहा घेतला, आणि हात हलवत परत आलो. तेव्हा तुमच्या सासूबाईंनी वंदनेच्या पुस्तकातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जैसलमेर, पवनचक्की, खांब क्रमांकासकट.

“दरसाली पोरीचा फोटू पाठवला म्या त्याले,” त्या म्हणाल्या.

“मग संमतीचंही तूच लिही.”

“काऊन? त्याले शिव्या म्या देल्त्या? ज्यानं देल्त्या त्यानं लिहा.”

तर मी लिहितो आहे.

मागचं पत्र टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. काल मसुद्याची नक्कल त्यांच्या हाती लागली, आणि ‘पाच वर्षांत फिरकले नाहीत’ या ओळीवर त्या थांबल्या. म्हणाल्या, “हे खोटं हाय. तो आलता.” मी म्हणालो, कायद्याची भाषा अशीच असते. त्या म्हणाल्या, “दोनदा आलता.”

आला होतात. समता गेल्यानंतरच्या मे महिन्यात एकदा, दिवाळीच्या आदल्या दिवशी एकदा. दोन्ही वेळा मी फाटकाशी उभा होतो आणि धम्मू झोपली आहे म्हणालो. दुसऱ्या वेळी सकाळचे अकरा वाजले होते. घरातून तिचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता, तो तुम्ही ऐकलात, आणि तुम्ही ऐकलात हे मी पाहिलं. तुम्ही फटाक्यांची पिशवी फाटकाला अडकवलीत आणि वळलात.

ती ओळ सुचिताला काढायला सांगितली आहे.

तुमच्या व्यवसायाबद्दल घरात एक शास्त्र तयार झालं आहे, ते कळवतो. तुम्ही वाळवंटात मोठ्ठे पंखे चालवता आणि त्यांची हवा मलकापूरपर्यंत येते. गेल्या आठवड्यात थंडी वाढली तेव्हा धम्मू गोधडीतून म्हणाली, “पप्पानं आज पंखा पाचावर ठेवला.” मी तिला समजावलं की पवनचक्की वारा देत नाही, वारा घेते. तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

सही पाठवा.

प्रेमानंद हिवराळे


१६ जानेवारी २०२५

जावईबापू,

तुमचं उत्तर मिळालं. पाच वर्षांनी आलेलं पत्र, म्हणून तुमच्या सासूबाईंनी हात धुऊन, पुसून पाकीट उघडलं. आत माझाच मसुदा, सही न केलेला, आणि पाठीमागे तुमच्या अक्षरात दीड ओळ:

“कागदावर पोरीचं नाव वाचलं. तिचे बाप तं तुम्हीच दिसता. मग माही सही कायले पाह्यजे?”

मला आधी अर्थच लागला नाही. मसुदा उलटून पाहिला. पहिल्याच ओळीत होतं: ‘अज्ञान बालिका धम्मशीला प्रेमानंद हिवराळे’.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हा कागद मी चार वेळा वाचला होता. ऱ्हस्व-दीर्घ तपासले होते. ते नाव मला खटकलं नाही. सहा वर्षं शाळेच्या हजेरीत, गुणपत्रकावर, आधार कार्डावर तेच पाहतो आहे. सुचितानं ते आधारवरून उतरवलं आणि मी त्याखाली तुमच्या सहीसाठी फुली मारून दिली.

जन्मदाखल्यावर ती धम्मशीला रवी तायडे आहे. शाळेत नाव घालताना लेखनिकाची चूक झाली असावी. एक कागद चुकला की पुढचे सगळे त्याला पाहून चुकत जातात. तुम्हांला राग आला असेल तर तो रास्त आहे. फक्त लेखनिकाचा राग पोरीच्या पाठीवर काढू नका.

नवा मसुदा करून घेतो. तोवर एक विचारतो. माझ्यावरचा राग बाजूला ठेवला तर सही कराल का? की सही केली म्हणजे ती तुमची राहणार नाही, अशी भीती आहे? तसं असेल तर सुचिता म्हणते, बाप हा बापच राहतो. कोर्ट फक्त आजोबाला तिच्या वतीनं कागदांवर सही करायची मुभा देतं. मला तिनं हे तीनदा समजावलं. आपण दोघं एकाच बाकावर बसायच्या लायकीचे आहोत.

प्रे. हिवराळे


९ फेब्रुवारी २०२५

जावईबापू,

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. रोज वर्गात मुलांना सांगतो, पहिलं वाक्य सुचत नसेल तर दुसऱ्यापासून सुरू करा. तसंच करतो.

लेखनिकाचा काही दोष नाही. ते बिचारे निवृत्त होऊन चिखलीला नातवंडं सांभाळतात. नाव मी लिहिलं. जून २०१९, बालवाडीच्या प्रवेशाचा दिवस, माझीच शाळा. प्रवेश-निर्गम रजिस्टर पुढ्यात घेऊन लेखनिक विचारत होते, सर, वडलांचं नाव? मी म्हणालो, आणा इकडे, मीच लिहितो. माझ्या हातानं, निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलं: धम्मशीला प्रेमानंद हिवराळे. जन्मदाखला खिशातच होता. तो काढला नाही. लेखनिकांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मुलगी गेलेल्या माणसाला त्या वर्षी कोणी काही विचारत नव्हतं.

घरी येऊन जेवलो. चव लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चव लागली, हेही लिहून टाकतो.

आता यापेक्षा ताजी गोष्ट. परवा शेषराव घरी आले. त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स पाहिली आणि उजळले. “सर, तुमी कायले कोर्टात चकरा मारून राह्यले? आधारवर बापाचं नाव तुमचंच, शाळेत तुमचंच. मुलगी म्हणून टाका नं पॉलिसीत! कोन पाहते?”

मी म्हणालो, तिची आजी एकावन्न वर्षांची आहे.

“मंग? उशिरा झाली म्हना. होतात लोकाईले.”

तुमच्या सासूबाई आतून चहा घेऊन येत होत्या, त्या तशाच चहासकट परत आत गेल्या.

फॉर्म ठेवून गेले. एक पान. सदस्याशी नातं, या रकान्यात एक शब्द लिहायचा आणि खाली माझी सही. तुमची नाही, कोर्टाची नाही. कोणाची वाट पाहायची नाही. काल दुपारी मी तो भरला. नाव, जन्मतारीख, रक्तगट. नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं. मराठीत लिहिलं, संस्कृतात लिहिलं असतं तरी खोटं तेवढंच झालं असतं.

सुचिताला फोनवर सांगितलं, तर तिनं मला विद्यार्थ्यासारखं झापलं. दवाखाना मोठी रक्कम मागतो तेव्हा विमावाले जन्मदाखला मागवतात, म्हणाली. ऐन वेळी पॉलिसी बाद होईल, आणि मुलगी टेबलावर असेल. मी म्हणालो, आणि नाही मागवला तर? ती म्हणाली, “नाही मागवला तं मंग ती कायमची तुमचीच मुलगी होईन, सर. रवीदादाचं नाव कुठीच राहनार नाही. तुमाले तेच पाह्यजे असंन तं मले सांगजा, मी अर्ज मागे घेतो.”

तिनं माझी उत्तरपत्रिका तपासली, रवीराव. गुण सांगितले नाहीत.

फॉर्म टेबलावर आहे. फाडलेला नाही. फाडला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण पत्रात आता पुरेसं खोटं झालं आहे. तुमच्या सासूबाईंना तो फाडायला नको आहे. त्या म्हणतात, “त्याची सही आली नाही न् हाही फॉर्म गेला, मंग? तुमच्या खऱ्यापायी पोरीची पाठ तशीच ठेवू का?” दीड महिना उरला आहे.

प्रेमानंद


२५ फेब्रुवारी २०२५

रवीराव,

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडे नाव दुरुस्तीचा अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि दार लावून घेतलं. “सर, ‘जाणूनबुजून चुकीचे नाव लिहिले’ असं कोण लिहिते का? नजरचुकीनं म्हना. लवकर होऊन जाते.”

मी म्हणालो, नजर चुकली नव्हती, नजर फार नीट होती.

त्यांनी डोकं हलवत पुढे पाठवला. शिक्षण विभागाकडून मंजुरी येईल तेव्हा रजिस्टरमध्ये माझं नाव लाल शाईनं खोडायचं, वर तुमचं लिहायचं, आणि समासात सही करायची. ते काम मी मागून घेतलं आहे. आधार त्यानंतर. शेषरावांच्या फॉर्मचा उपयोग मात्र आताच संपला. मीच लेखी कळवलं आहे की ती माझी मुलगी नाही. घरी सांगितलं तेव्हा तुमच्या सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आता त्याले सगळंच सांगा. आर्धं कायले ठेवता?”

तर उरलेलं अर्धं.

सुचिता विचारते, सर, ते सही काऊन करत नसतीन? मला ठाऊक आहे. मी तिला सांगितलं नाही, तुम्हांला सांगतो, म्हणजे मला ठाऊक आहे हे तुम्हांला ठाऊक होईल.

अकोल्याच्या दवाखान्यात समताला ऑपरेशनसाठी आत नेताना त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे केला आणि तुम्ही सही केलीत. चार तासांनी ती गेली, पोटातल्या बाळासकट. अंत्यविधीनंतर, सगळ्या वडनेरदेखत, मी तुम्हांला म्हणालो, “तुमच्या सहीनं गेली माझी पोरगी.” तुमचे वडील तेव्हा होते. जानरावजी मला हात जोडत होते, आणि मी त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. त्या दिवशी मी रामटेकला होतो. संस्कृत शिक्षकांची कार्यशाळा होती. माझं व्याख्यान दुपारी अडीचला, विषय करुणरस. फोन बंद करून खिशात ठेवला होता. व्याख्यान चांगलं झालं, दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. चारला फोन उघडला तर तुमचे सात कॉल. तुम्ही विचारायला केले होते. काय करू, सही करू का, असंच विचारायला केले असणार. सात वेळा विचारलंत आणि उत्तर आलं नाही, तेव्हा एकट्यानं सही केलीत. सव्वीस वर्षांचे होतात.

मी ते कॉल पुसून टाकले. मग तुम्हांला ते वाक्य बोललो.

दुसऱ्या कोणी सही केली असती तरी ती गेली असती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. सही केली नसती तर अर्ध्या तासात गेली असती, असंही सांगितलं होतं. दोन्ही मी ऐकलं होतं. व्याख्यानं देणाऱ्या माणसाला ऐकू नीट येतं, हे लोकांना माहीत नसतं.

सोबत नवा मसुदा आहे. पहिली ओळ वाचून घ्या: अज्ञान बालिका धम्मशीला रवी तायडे. तारीख वीस मार्च, मलकापूरचंच कोर्ट. येता आलं तर सही तिथेच करता येईल. न येता पाठवलीत तरी चालेल. काहीच केलं नाहीत तरी मी तुम्हांला पुन्हा तसं काही बोलणार नाही, एवढं लिहून ठेवतो.

तिच्या पाठीला आता पट्टा आहे. दिवसभर घालते. शाळेत विचारलं तर सांगते, पप्पा उंचावर चढतात तेव्हा असाच बांधतात.

प्रेमानंद


८ एप्रिल २०२५

प्रिय रवी,

तुम्ही स्वतः कोर्टात होतात, तरी तिथलं लिहितो. तुम्ही सगळा वेळ खाली पाहत होतात, मी तुमच्याकडे पाहत होतो. तेव्हा अर्धी साक्ष माझ्याकडे आहे.

न्यायाधीश बाईंनी तुम्हांला विचारलं, समजून-उमजून संमती देताय ना? तुम्ही म्हणालात, “हाव, मॅडम. पन पोरगी माहीच राहीन नं?” बाई म्हणाल्या, “तुमचीच. आजोबा फक्त कागद सांभाळतील.” सुचितानं फाइल तोंडापुढे धरली. तुमच्या सासूबाईंनी पदर धरला. मी काहीच धरलं नाही, कारण माझा हात धम्मूच्या हातात होता आणि ती तो ओढत होती.

बाहेर पिंपळाखाली ती तुमच्यासमोर उभी राहिली. तुम्ही ‘धम्मू’ म्हणालात आणि खोकलात. ती म्हणाली, “तुमी पप्पा नं? फोटूत उंच दिसता.” मग पाठ फिरवून उभी राहिली, जशी डॉक्टरांपुढे राहते. “पाहा, मी इकडून उंच आहो न् तिकडून बुटकी.” तुम्ही आधी हात पँटला पुसलात. मग तिच्या एका खांद्यावर ठेवलात, मग दुसऱ्यावर, आणि मध्ये किती फरक आहे ते बोटांनी मोजलंत. दीड बोट. मी इतके महिने एक्स-रे पाहत होतो, पण हाताने मोजायचं मला सुचलं नव्हतं.

दोन दिवसांची रजा, त्यातला दीड दिवस प्रवासात. चारची गाडी. प्लॅटफॉर्मवर मी तुमच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि उन्हाळा लवकर आला असं काहीतरी बोललो. तुम्ही म्हणालात, “हाव, सर.” मला ‘सर’ म्हणालात. लग्नानंतर समतानं तुम्हांला ‘बाबा’ म्हणायला शिकवलं होतं, ते तुम्ही विसरला नसाल. मागत नाही. नोंदवतो आहे.

तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हांला कोण सांगणार? रात्री धम्मू आजीला म्हणाली, “पप्पाचा हात खरखरीत हाय.” दुसऱ्या दिवशी तेच मला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शालूबाईंना. त्या म्हणाल्या, वाळूत राह्यते नं तो. त्यानंतर ती अंगणातल्या वाळूत बसून स्वतःचे तळवे घासते आणि मधूनमधून तपासते. तुमच्या सासूबाई ओरडत नाहीत. एरवी मातीत बसल्याबद्दल त्या राष्ट्रपतींनाही ओरडतील.

आदेशाची नक्कल सव्वीसला मिळाली. शेषरावांनी अठ्ठावीसला नाव चढवलं. नातं: पाल्य. रजिस्टरमध्ये लाल शाईनं खोडलं, वर तुमचं नाव लिहिलं. जन्मदाखला या वेळी पुढ्यात ठेवला होता.

आता शस्त्रक्रियेची तारीख: सोमवार, बारा मे, सकाळी आठ, नागपूर. आदल्या दिवशी दाखल करायचं आहे. दवाखान्यानं फॉर्म आधीच पाठवले. त्यात एक संमतीचा आहे. सगळं छापलेलं आहे: भूल, रक्त, कण्याजवळच्या नसा, आणि त्यानंतर जे काही होऊ शकतं ते, एकाखाली एक, अगदी मोकळेपणानं. तळाशी ‘पालकाची सही’.

तो पालक आता मी आहे. चार महिने कोर्टात जाऊन हा मान मिळवला. काल संध्याकाळी पेन उघडलं आणि पहिल्यापासून वाचलं. पुन्हा वाचलं. धम्मू शेजारी बसून शुद्धलेखन लिहीत होती. तिनं विचारलं, “आबा, तुमची शाई संपली का?” मी म्हणालो, हो. टोपण लावून ठेवलं.

तुम्ही ते सगळं उभ्यानं वाचलं असेल. नर्स घाई करत असेल. फोन माझ्या खिशात बंद असेल.

ही सही मी तुमच्यावर ढकलणार नाही. कायद्यानं माझी आहे आणि मीच करीन. तो फॉर्म इथे भरत नाही; कोरा घेऊन नागपूरला येतो आणि तिथेच भरतो, सोमवारी सकाळी सातला, दुसरा मजला. रजा मिळणार नाही हे मला माहीत आहे, मागची दोन दिवसांचीही तुम्ही कशी मिळवलीत ते तुमच्या सासूबाईंना सांगितलंत आणि त्यांनी मला. तरी लिहितो.

सही मी करीन. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. अकोल्यात तुमच्या शेजारी कोणी नव्हतं.

प्रेमानंद